मूठ शिवताना

माझं धनुष्य बांबूचं आहे. आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा तिरंदाजीचा प्रकार खेळतात. त्यात साध्या बांबूच्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवर नेम धरायचा असतो. शाळकरी पोरं बहुधा तिथूनच सुरुवात करतात. मी सत्ताविसाव्या वर्षी केली. कंपनी पुण्यात आहे, पण महिन्यातले दोन आठवडे मी गावाकडून, संगमनेरजवळच्या आमच्या घरून काम करतो. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की घरामागच्या वावरात कडब्याच्या पेंढ्या रचून त्यावर कागद लावायचा आणि अंधार पडेपर्यंत बाण मारायचे, एवढाच माझा खेळ.

दुकानदाराने धनुष्याच्या मुठीवर क्रिकेटच्या बॅटचं रबरी ग्रिप चढवून दिलं होतं. मे महिन्यात त्याची अडचण कळली. रबर घाम पीत नाही. हात घसरतो, हात घसरला की धनुष्य मुठीत किंचित फिरतं आणि बाण पेंढीच्या बाहेर जातो. धनुष्य आपण धरतो असं वाटतं, पण ते खरं नाही. दोरी मागे जेवढ्या जोराने ओढावी, तेवढ्याच जोराने मूठ हातावर रेलते. माझ्या धनुष्याची ओढ साधारण तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. तेवढं वजन अंगठ्याच्या बुडाशी, दोन बोटं मावतील एवढ्या जागेवर येतं. तिथे काय आहे याने फरक पडतो. जुन्या जाणत्यांचं उत्तर एकच असतं: चामडं लाव.

म्हणून मी संगमनेरच्या स्टँडजवळ चपला-बूट शिवणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

काकांनी धनुष्य हातात घेऊन उलटंपालटं केलं. "म्हणजे याला चप्पल घालायची म्हणता," ते म्हणाले. मग मला ते धरायला लावलं, माझी बोटं कुठे मिटतात ते पाहिलं, एक दोरा मुठीभोवती वरून, मधून आणि खालून फिरवून तीन गाठी मारल्या. तिन्ही मापं वेगळी आली. मूठ मध्ये फुगीर असते हे मी रोज धरूनही कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी कात्रणांच्या पोत्यातून तीन तुकडे काढून समोर टाकले. बकऱ्याचं चामडं मऊ आणि पातळ, हाताला सगळ्यात गोड लागणारं. "पण ताणतं. सहा महिन्यांत सैल पडंल." दुसरा तुकडा छान काळा, गुळगुळीत. त्याची कड कापून दाखवली तर आत निळसर करडी रेघ. हे क्रोमवर कमावलेलं. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारात कातडं एखाद्या दिवसात तयार होतं, आणि जगातलं बहुतेक चामडं आज असंच होतं. तिसरा तुकडा म्हशीचा, जाड, रवाळ, कड आरपार तपकिरी. हे साल आणि फळांच्या रसात कमावलेलं. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. "हे घ्या. जाड आहे, पण तासून देतो. पाण्यात भिजवलं की मुठीवर बसंल, आणि वाळलं की मुठीचाच आकार धरंल. क्रोमचं तसं ऐकत न्हाई."

निवड तांत्रिकदृष्ट्या तिथेच संपली. माझ्यासाठी मात्र ती तिथे सुरू झाली, कारण घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "कशाचं आहे?"

आमचं घर माळकरी. मटण-अंडी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. वडील रागावले नाहीत, फक्त तो तुकडा देवघराच्या खोलीत ठेवू नकोस म्हणाले. त्या खोलीत भिंतीला पखवाज टांगलेला आहे. दर एकादशीला वडील तो उतरवतात, डाव्या पुडीला कणीक लावतात आणि रात्री भजनात वाजवतात. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, ती ताणून धरणारी वादीही चामड्याचीच. मी तसं बोलून दाखवलं. वडील जरा थांबून म्हणाले, "ते वाद्य आहे." मला तेव्हा हे उत्तर फारच लंगडं वाटलं. आता तितकं वाटत नाही, कारण पुढचे कित्येक दिवस मीही तशीच उत्तरं शोधत होतो.

माझं पहिलं उत्तर होतं, रेक्झिन वापरावं. प्राणी नाही, प्रश्न नाही. पण रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. आमच्या हॉलमधला सोफा सहा वर्षांत सोलून निघाला आणि त्याचे पापुद्रे अजून अंगणात सापडतात. ते कुजणार नाहीत. प्राण्याचं देणं चुकवून मी ते मातीच्या आणि पुढच्या माणसांच्या खात्यावर टाकलं असतं, इतकंच.

दुसरं उत्तर जास्त मोहक होतं: आपोआप मेलेल्या जनावराचं चामडं. हा विचार महाराष्ट्रात कृतीतही आलेला आहे. गांधींनी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवल्या. तुरुंगात केलेला एक जोड जनरल स्मट्सना दिला, आणि स्मट्सनी १९३९ मध्ये, गांधींच्या सत्तराव्या वाढदिवशी, तो परत पाठवला. ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. कमी ऐकू येते ती वर्ध्याजवळच्या नालवाडीची. तिथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. मारलेल्या नव्हे, मेलेल्या जनावरांचं कातडं कमवायचं आणि त्याच्या वस्तू करायच्या. मारणं नाही, वाया जाणं नाही, आणि जे काम हलकं मानलं गेलं ते सवर्णांनी स्वतःच्या हाताने करायचं. ऐकताना यात खोट सापडत नाही.

खोट सापडते ती एक साधा प्रश्न विचारला की: मेलेलं जनावर उचलायचं कुणी? गावगाड्याने याचं उत्तर ठरवून ठेवलं होतं. ओढून न्यायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७च्या महाड परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि मेलेली जनावरं ओढण्याचं कामही सोडा हा त्यांचा आग्रह होता. गांधी म्हणत होते, काम हलकं नाही, सगळ्यांनी करा. आंबेडकर म्हणत होते, ज्यांच्यावर लादलं त्यांनी आधी त्यातून बाहेर पडा. कामाचा गौरव करून कुणाला त्या कामात अडकवून ठेवता येतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना फटके मारले गेले, तेव्हा ती गाय मेलेलीच होती. 'अहिंसक' चामड्याच्या हिशेबात माणसावरची हिंसा धरलेली नव्हती.

म्हशीचं पाहिलं तर ती कायद्यानेही वेगळी काढलेली आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती, २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आली नाही. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात म्हशी उभ्या असतात, त्यांच्या डोळ्यांत बघून कुणाला हा फरक सांगता येईल असं मला वाटत नाही. मी म्हशीचं चामडं घेतलं ते ती कमी जीव आहे म्हणून नव्हे. निर्दोष पर्याय नाही, हे कबूल करून घेतलं. जे चामडं मी वापरणार ते पाच-सहा महिन्यांत फेकावं लागू नये, दहा वर्षं टिकावं, एवढी एक गोष्ट माझ्या हातात होती.

चामड्याबद्दल बोलताना आपली भाषा मोठी सावध आहे. जनावराच्या अंगावरून उतरतं ते कातडं, संस्कार होऊन येतं ते चामडं. मधल्या क्रियेला आपण 'कमावणं' म्हणतो. शरीर कमावतात, जमीन कमावतात, तसं कातडं कमावतात. म्हणजे आपोआप मिळत नाही, राबून मिळवावं लागतं. कमावायला बाभळीची साल लागते आणि हिरडा लागतो. हिरडा आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातला. तिथल्या डोंगरात आदिवासी कुटुंबं तो झाडाखालून वेचतात, वाळवतात, पोत्याने विकतात. माझ्या मुठीतल्या तुकड्याला नेमका तिथला हिरडा लागला असेल असं नाही, पण ज्या साखळीतून असं चामडं येतं तिच्यात अशी माणसं असतात. ज्याने कमावलं त्याने काय कमावलं, हा प्रश्न या शब्दातच बसलेला आहे.

दुसरा शब्द आहे 'शिवणं'. शिवणं म्हणजे टाके घालणं आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणं. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं, पण तोंडात ते एकच होऊन बसलेत. आजी म्हणायची, "त्याला शिवू नको." आणि आजीच म्हणायची, "वहाण शिवून आण." दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल असायची.

आजोबांच्या काळात आमच्या विहिरीवर मोट होती. मोट चामड्याची. बैल उताराला लागले की मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाने पिकाला जायचं. तेच पाणी माणसं ओंजळीने प्यायची. मोट फाटली की चांभार येऊन शिवून द्यायचा, आणि वर्षाच्या शेवटी खळ्यावर त्याचं बलुतं घेऊन जायचा. त्याने विहिरीतलं पाणी स्वतः शेंदून प्यायचं नाही. कातड्यातून आलेलं पाणी चालत होतं, कातडं शिवणाऱ्याच्या हातचं नाही. हे मला वडिलांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही विसंगती वाटत नव्हती. मीही ते पखवाजासारखंच ऐकून घेतलं असतं. पण तेव्हा मी काकांकडे शिकायला जाऊ लागलो होतो.

काकांनी शिवून द्यायला नकार दिला होता. "हाताचं माप हातालाच कळतं. मी तासून देतो, शिवा तुम्ही." तीन रविवार मी त्यांच्या खोक्यासमोर बसलो. पहिल्या दिवशी रापीने कडा तासणं. चामडं दगडावर ठेवायचं, रापी जवळजवळ आडवी धरायची आणि कड कागदासारखी पातळ करत न्यायची. मी दोन तुकडे फुकट घालवले. दुसऱ्या दिवशी आरीने भोकं. दोन्ही कडांवर सारखी, समोरासमोर. तुकडा मुठीच्या घेरापेक्षा तीन-चार मिलिमीटर कमीच कापायचा, कारण ओलं चामडं ओढल्यावर वाढतं. मी मोजून बरोबर घेराइतका कापला होता. इंजिनीअर असल्यामुळे चूकही दशांशापर्यंत अचूक होती. आणि एक चूक अशी की ओल्या चामड्यावर आरी तशीच ठेवून चहाला गेलो. परत आलो तर तिथे निळाकाळा डाग. हिरडा-बाभळीतला तुरट अर्क आणि लोखंड भेटले की शाई होते. पूर्वी लिहायची शाई हिरडा आणि हिराकस घालून करत. तो डाग अजून माझ्या मुठीवर आहे.

तिसऱ्या रविवारी शिवण. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया, दोन्ही कडा एकमेकींना भिडवून आडवेतिडवे टाके. शिवण कुठे यावी हे काकांनी धनुष्य न मारताच ओळखलं. हात दाबतो त्या बाजूला नाही, बोटांखाली, पुढे. "चपलेत पण टाका पायाखाली नसतो हो." सोल्यूशनने चिकटवायचं नाही, कारण मग पुढे बदलताना बांबूची साल निघेल. नुसतं ओल्याने घट्ट शिवायचं आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यायचं. वाळल्यावर ते मुठीवर असं बसलं की फिरवायचा प्रयत्न केला तरी फिरेना.

मी फोटो काढला होता. शिवतानाचाच. माझे हात, आणि कडेला दोरा ओढून दाखवणारे काकांचे हात. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, मग बाहेरही. खूप लोकांना आवडला. कुणी म्हणालं, हाताने काही करणं हे ध्यान आहे. कुणी विचारलं, कोर्स कुठे केलास. टीम लीडने मीटिंगच्या सुरुवातीला धनुष्य कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं.

तीन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज अवघडलेला. "तो फोटो काढता येईल का? माझं काही नाही. पोरगा म्हणतोय."

त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच इंजिनीअर, पुण्यातच. फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला होता. त्याने हात ओळखले. वडिलांचे हात कोण ओळखणार नाही? मी फोटो लगेच काढला, आणि माफी मागायला त्याला फोन केला. तो रागात नव्हता. मलाच काहीतरी समजावून सांगायचं असल्यासारखा बोलला. "माझ्या ऑफिसात कुणाला माहीत नाही. लपवतो असं नाही, पण सांगत पण नाही. तू हे केलंस की लोक विचारतात कुठे शिकलास. मी केलं की विचारत नाहीत."

मला यावर बोलता आलं नाही. त्या जूनमध्ये, २०२५ साली, प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा मीही रागाने पोस्टी पुढे ढकलल्या होत्या. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, नाव न घेता कला उचलता काय, वगैरे. आणि इथे मी नाव घेतलं असतं तर तोही अन्यायच झाला असता. प्राडाने कारागिराचं नाव गाळलं हा गुन्हा आणि मी कारागिराचे हात दाखवले हाही. दोन्हींतली अडचण एकच आहे. प्रतिष्ठा ज्याने काम केलं त्याच्याकडे जात नाही, जो त्या कामापासून जन्माने सुरक्षित अंतरावर आहे त्याच्याकडे जाते.

मला वाटत होतं की चामडं निवडण्यातला नैतिक प्रश्न जनावराचा आहे. तो आहेच, आणि मी तो सोडवलेला नाही. पण त्याच्या आत दुसरा प्रश्न होता: एखादं काम मी आवडीने करतो म्हणून ते काम शुद्ध होतं का? मला आधी वाटायचं, होतं. जातीने लादलेली कौशल्यं सगळ्यांनी शिकावीत, म्हणजे ती कुणा एका जातीची राहणार नाहीत. हा युक्तिवाद अजूनही मला चुकीचा वाटत नाही, फक्त अपुरा वाटतो. कारण मी रापी उचलली तेव्हा माझं काही पणाला लागलं नव्हतं. उद्या कंटाळलो तर ठेवून देईन. नालवाडीला किंवा तुरुंगात ज्यांनी हे काम केलं त्यांनी निदान आपल्या लोकांचा बहिष्कार पत्करला होता. मला शंभर लाइक्स मिळाले. ज्या कामातून बाहेर पडायला काकांच्या मुलाला एक पिढी लागली, त्यात मी रविवारी आत-बाहेर करत होतो. तो दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो तो फक्त माझ्यासाठी.

मग काय करायचं? काम सोडायचं? मला तसं वाटत नाही. काकांनीही तसं म्हटलेलं नाही. उलट फोटो काढल्यावर म्हणाले, "शिकलात ते विसरू नका." मी एवढं ठरवलं: कुणी विचारलं की सांगायचं, चर्मकार काकांकडे शिकलो, कोर्स नाही. त्यांना जे शुल्क दिलं ते शिकवणीचं म्हणून, पुण्यात कुठल्याही क्लासला देतो तेवढं. त्यांनी ते आधी नाकारलं, मग मोजून घेतलं. आणि या कामावरून मिळणारं कौतुक जिथे थांबवता येईल तिथे थांबवायचं. हे फार थोडं आहे, मला माहीत आहे.

दिवाळीच्या आधी मी काकांना घरी बोलावलं. ते आले, ओसरीवरच थांबले. वडिलांनीच "आत या" म्हटलं. ते सोफ्याच्या कडेवर बसले. वडिलांनी पखवाज उतरवून दाखवला, वादी सैल झाली होती. काकांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे आमचं काम न्हाई माऊली. वाद्यवाल्याकडंच न्या, मी बिघडवीन." वडील हसले. दोघं बराच वेळ पुड्यांबद्दल बोलत राहिले.

आई चहा घेऊन आली. लहानपणी आमच्या ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा, बाहेरच्यांसाठी. तो कधीच गेला. ट्रेमध्ये सगळे कप सारखे होते. तरीही काकांनी कप उचलला तेव्हा मी तो कोणता आहे ते पाहिलं. मी पाहतोय हे काकांनी पाहिलं. ते काही बोलले नाहीत, बशीत ओतून चहा प्यायले.

मुठीवरचं चामडं आता अंगठ्याच्या बुडाशी काळसर झालंय, घामाने. ते म्हणाले होते तसं त्याने माझ्या हाताचा आकार धरलाय. मूठ मी शिवली, त्याचं मला अप्रूप आहे. पण आमच्या घरात शिवणं या शब्दाचा दुसरा अर्थ अजून गेलेला नाही, आणि तो माझ्याच नजरेत होता.